झिरो १०० यार्डांवर, हिशेब १००० चा

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडात राहणाऱ्या आणि बिझ्लीच्या रेंजवर एफ-क्लास (झोपून, टेक घेऊन, स्कोपने लांबवर मारण्याचा प्रकार) नुकतेच सुरू केलेल्या एका मराठी नेमबाजाकडे .३०८ ची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे. तिच्यावर २० एमओए (कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) उताराची रेल, म्हणजे स्कोप बसवायची खाचांची पट्टी, आणि ५-२५×५६ चा स्कोप आहे. त्याच्या टरेटचा, म्हणजे नेम सरकवणाऱ्या चकतीचा, एक क्लिक पाव एमओएचा. १०० यार्डांवर तीन गोळ्या मध्यावर लागल्या की तो झिरो (गोळी नेमावरच लागेल अशी स्कोपची जुळणी) पक्का धरतो. पण पुढच्या खेपेला तोच झिरो एक-दोन क्लिक सरकलेला दिसतो. ६०० यार्डांवर गोळ्या वीतभर खाली आणि डावीकडे जातात, आणि १००० वर पहिली गोळी टार्गेटच्या पार तळाशी लागते. स्कोप खराब आहे का? झिरो कोणत्या अंतरावर आणि कसा करावा?

स्कोप खराब असण्याचा संशय सगळ्यात शेवटी घ्या. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्या सगळ्या टरेट फिरवून सोडवायला गेल्यामुळे गुंता वाढला आहे. झिरो १०० यार्डांवरच करा (रेंज मीटरची असेल तर १०० मीटर). तो तीन गोळ्यांवर नको, दहा गोळ्यांच्या सरासरीवर करा. आणि ६०० किंवा १००० वर जे चुकते ते झिरो बदलून दुरुस्त करू नका. ती चूक वेगाच्या, वाऱ्याच्या किंवा टरेटच्या हिशेबातली असते.

१०० यार्डच का, हे आधी सांगतो, कारण ‘मला १००० वरच मारायचे आहे तर झिरो ६०० वर का नको’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. १०० यार्ड जायला .३०८ च्या गोळीला सेकंदाचा आठवा भागही पुरा लागत नाही. तेवढ्यात हवेची घनता, तापमान, दाब यांचा परिणाम मोजण्याइतका होत नाही. जानेवारीतला झिरो जुलैतही तोच राहतो. ६०० वर केलेल्या झिरोत मात्र त्या दिवसाची हवा, त्या दिवसाचा वारा आणि त्या दिवशीचा पावडरीचा वेग असे सगळे मिसळलेले असते. दुसऱ्या दिवशी त्यातले काय बदलले हे वेगळे काढता येत नाही.

वाऱ्याचे मात्र १०० वरही भान ठेवावे लागते. ताशी १० मैलांचा आडवा वारा .३०८ ला १०० यार्डांवर साधारण पाऊण इंच ढकलतो. म्हणजे ताशी ३-४ मैलांची झुळूक, जी गालाला जेमतेम कळते, ती एका क्लिकएवढी चूक करते. आडवा झिरो ठरवायचा तो सकाळी, झेंडे खाली लोंबत असताना. उभा झिरो दुपारीही चालेल.

आता टरेटआधी पाना हातात घ्या. रेल ज्या स्क्रूंनी रिसीव्हरला (बोल्ट बसतो त्या भागाला) जोडलेली असते ते कोऱ्या रायफलीतही ढिले निघतात. स्कोप उतरवा, ते स्क्रू काढा, आट्यांवरचे तेल स्पिरिटने पुसा, मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा आणि रेल बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कने आवळा. रिंगा (स्कोप धरणाऱ्या कड्या) रेलवर ठेवल्यावर त्या खाचेत पुढे, म्हणजे नळीच्या तोंडाकडे, दाबून धरा आणि मगच आवळा. धक्का बसतो तेव्हा रायफल मागे येते आणि जड स्कोप जागीच राहू पाहतो. रिंग खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीच टेकलेली नसेल तर ती केसभर केसभर पुढे सरकत जाते आणि झिरोही तिच्याबरोबर जातो.

टॉर्क पाना नसेल तर विकत घ्या, हा खर्च टाळण्यासारखा नाही. रिंगेच्या वरच्या टोपीचे स्क्रू साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर, रेलला पकडणारे आडवे बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटर. तुमच्या रिंगेबरोबरच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टोपीचे स्क्रू आलटून-पालटून तिरपे आवळायचे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवायची. या स्क्रूंना थ्रेडलॉकर लावू नये. ओला असताना तो वंगणाचे काम करतो आणि त्याच टॉर्कला पकड जास्त बसते. पकड जास्त झाली की स्कोपची नळी दबते, आतला भाग अडखळतो, आणि टरेट चार क्लिक फिरवला तरी गोळी तीनच क्लिक हलते, उरलेला क्लिक पुढच्या धक्क्यानंतर उतरतो. ‘स्कोप झिरो धरत नाही’ या तक्रारीतला बराच भाग इथेच संपतो. शेवटी प्रत्येक स्क्रूवरून रिंगेपर्यंत रंगीत पेनाने एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू हलला. बट (रायफलीचा दस्ता) आणि अ‍ॅक्शन जोडणारे स्क्रूही याच वेळी तपासा. गोळ्या दोन ठिकाणी दोन वेगवेगळे पुंजके करत असतील तर पहिला संशय त्यांच्यावर.

यानंतर डोळा. पालथे झोपून, गाल नेहमीच्या जागी टेकवून, सर्वात जास्त मॅग्निफिकेशनवर स्कोप पुढे-मागे करा. पूर्ण गोल, कडेला सावली नसलेले चित्र दिसले पाहिजे. टेबलाशी बसून लावलेला स्कोप झोपल्यावर चुकतो, कारण मान पुढे जाते. मग डोळ्याकडची, फुली (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) स्पष्ट करणारी डायॉप्टरची कडी. आकाश किंवा पांढरी भिंत पाहा, दोन-तीन सेकंदच पाहा, नजर हटवा, कडी थोडी फिरवा, पुन्हा पाहा. जास्त वेळ बघितले की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि धूसर फुलीही स्पष्ट वाटू लागते. पहिल्याच क्षणी फुली काळी कुळकुळीत दिसली की ती कडी टेपने पक्की करून टाका.

पॅरॅलॅक्सची (डोळा हलला की फुली टार्गेटवर सरकलेली दिसण्याची) गोष्ट लोक हलक्यात घेतात आणि तीन गोळ्यांच्या सुंदर ग्रुपमागे (पुंजक्यामागे) सरकणारा झिरो पुष्कळदा तिथूनच येतो. बाजूच्या नॉबवर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. टार्गेट स्पष्ट करा, मग रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला हात न लावता डोके किंचित वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. फुली टार्गेटवर सरकताना दिसली तर नॉब अजून फिरवा. स्पष्ट चित्र आणि न सरकणारी फुली या दोन जागा किंचित वेगळ्या येत असतील तर डायॉप्टर पुन्हा लावा, आणि तरी वेगळ्या आल्या तर न सरकणारी जागा घ्या. चूक किती होऊ शकते? ५६ मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाचा स्कोप, पॅरॅलॅक्स १५० यार्डांवर लागलेला आणि टार्गेट १०० वर असेल, तर डोळा भिंगाच्या अगदी कडेला गेल्यास ९ मिलिमीटरपर्यंत. पाव एमओएचा क्लिक १०० यार्डांवर ६.६ मिलिमीटरचा असतो. म्हणजे गाल आज थोडा वेगळा टेकला एवढ्यानेच झिरो ‘सरकतो’.

फुलीचा कल हा पुढचा मुद्दा. १०० यार्डांवर तो दिसतच नाही, म्हणून तिथे सगळे ठीक वाटते. तुमच्या गोळीला १०० पासून १००० पर्यंत जायला, गोळीचे वजन आणि वेग यांनुसार, ३० ते ४० एमओए वर चढवावे लागते. फुली एक अंश कललेली असेल तर ३० एमओएतला अर्धा एमओए आडवा जातो. १००० यार्डांवर तो साडेपाच इंच होतो. एफ-क्लासच्या टार्गेटवर व्ही-बुल, म्हणजे सर्वात आतले वर्तुळच मुळी सुमारे अर्ध्या एमओएचे असते.

इथे एक गैरसमज आहे. लोक पाणसळ रिसीव्हरवर ठेवतात, दुसरी टरेटच्या टोपीवर ठेवतात आणि दोन्ही जुळल्या की काम झाले म्हणतात. पण टरेटची टोपी आणि आतली फुली या एकमेकींना तंतोतंत जुळलेल्या असतीलच असे नाही. शिवाय फुली रायफलीशी काटकोनात असण्यापेक्षा ती गोळी सुटताना गुरुत्वाकर्षणाच्या रेषेत असणे महत्त्वाचे. रायफल तुमच्या खांद्यात तीन अंश तिरकी बसत असेल आणि फुली मात्र सरळ उभी असेल, तर स्कोप नळीच्या अगदी वर नसल्यामुळे पडणारा फरक १००० यार्डांवर जेमतेम एक इंच. उलट रायफल अगदी सरळ पण फुली तीन अंश कललेली असेल तर दीड फुटाच्या घरात. म्हणून ५०-१०० यार्डांवर गवंड्याचा ओळंबा टांगा, वारा नसताना. फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवा, आणि त्या स्थितीत स्कोपच्या नळीवर बसवलेल्या पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणून ती पाणसळ घट्ट करा. यापुढे प्रत्येक गोळीआधी बुडबुडा पाहायचा. १०० वर झिरो करतानाही, सवय म्हणून.

आता रेंज. बोल्ट काढून ठेवा, रायफल पुढे-मागे पिशव्यांवर स्थिर करा आणि नळीतून मागून पाहत २५ यार्डांवरचे काळे वर्तुळ नळीच्या मध्यावर आणा. रायफल न हलवता टरेट फिरवून फुली त्याच वर्तुळावर आणा. बोल्ट बाहेर असणे यात सोयीचे आहेच, पण बट्समध्ये (टार्गेटांजवळच्या खंदकात) माणसे असताना ते सक्तीचेही आहे. रेंज अधिकाऱ्याने सांगेपर्यंत बोल्ट आत जात नाही आणि चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण) निघत नाही.

२५ वर एक-दोन गोळ्या पुरतात. इथे गोळी फुलीच्या मध्यावर आणू नका. स्कोप नळीच्या साधारण ५ सेंटीमीटर वर असतो, त्यामुळे १०० वर बरोबर लागणारी गोळी २५ वर सुमारे अडीच सेंटीमीटर खाली लागते. २५ वर मध्यावर आणली तर १०० वर ती सुमारे १० सेंटीमीटर वर जाईल. २५ यार्डांवर एक क्लिक दीड मिलिमीटरच्या थोडा वर असतो, हे लक्षात ठेवून क्लिक मोजा. टरेटवरचा ‘अप’चा बाण गोळी कुठे जाईल ते सांगतो. फुली कुठे जाईल ते नव्हे. गोळी खाली लागली तर ‘अप’.

१०० यार्डांवर जाण्याआधी नळी तयार करा. स्वच्छ, तेलाचा हात फिरलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या वेगळ्याच जागी आणि वेगळ्या वेगाने जातात. तीन-चार गोळ्या कुठेतरी मारून टाका, त्या हिशेबात धरू नका. काडतुसे एकाच लॉटची. नळीच्या तोंडाला ब्रेक (धक्का कमी करणारा) किंवा मॉडरेटर (आवाज कमी करणारा) लावणार असाल तर तो आत्ताच लावा, कारण तो काढला-घातला की गोळीची जागा बदलते. पुढचा बायपॉड किंवा रेस्ट सामन्यात जो वापरणार तोच, आणि मागची पिशवीही तीच. बायपॉड सिमेंटवर टेकला तर उसळतो, गवतावर किंवा चटईवर टेकला तर दबतो, आणि या दोन्हींत गोळीची उंची फरक दाखवते. नळी कशालाही टेकता कामा नये.

आता तीन गोळ्यांचा प्रश्न. समजा तुमची रायफल आणि तुम्ही मिळून पाच गोळ्यांचा सरासरी एक एमओएचा ग्रुप मारता. हे वाईट नाही. अशा रायफलीत एकेका गोळीचे विचलन, उभे किंवा आडवे, सुमारे एक-तृतीयांश एमओए असते. तीन गोळ्यांच्या मध्याचे विचलन मग ०.१९ एमओए येते, आणि वीसपैकी एकोणीस वेळा तो मध्य खऱ्या मध्यापासून कुठल्याही बाजूला ०.३८ एमओएपर्यंत असू शकतो. म्हणजे दीड क्लिक. तुमचा झिरो दर खेपेला एक-दोन क्लिक सरकतो तो असा. रायफल जागेवरच असते. तीन गोळ्या तुम्हाला दरवेळी वेगळी गोष्ट सांगतात आणि तुम्ही दरवेळी टरेट फिरवून ती खरी मानता. दहा गोळ्यांवर हीच मर्यादा सुमारे ०.२ एमओएवर येते, एका क्लिकच्या आत. वीस गोळ्यांवर ०.१५. त्यापलीकडे दारूगोळा जाळण्यात अर्थ नाही. अष्टमांश एमओएचा क्लिक असलेल्या स्कोपला मात्र वीस गोळ्या द्याव्यात, नाहीतर बारीक क्लिकसाठी मोजलेले पैसे वाया.

दहाच्या दहा गोळ्या एका दमात नकोत. पाच मारा, नळी हाताला सोसवेल इतकी थंड होऊ द्या, मग पाच. तापलेल्या नळीवरून उठणारी हवा स्कोपसमोर थरथरते आणि टार्गेट जरा वर उचललेले दिसते. मधे टरेटला हात लावू नका. हात शिवशिवले तरी नाही.

मग टार्गेट काढून आणा आणि पट्टीने मोजा. नेमाचा बिंदू शून्य धरून प्रत्येक छिद्राचे आडवे आणि उभे अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. उदाहरणार्थ, आडवी अंतरे: +१२, +४, +९, −३, +१५, +७, +२, +११, +६, +७. बेरीज ७०, सरासरी ७ मिलिमीटर उजवीकडे. उभी अंतरे: −२०, −८, −१४, −११, −१७, −५, −२२, −१३, −१६, −१४. बेरीज −१४०, सरासरी १४ मिलिमीटर खाली. १०० यार्डांवर क्लिक ६.६ मिलिमीटरचा, म्हणून एक क्लिक डावीकडे, दोन क्लिक वर. १०० मीटरवर क्लिक ७.३ मिलिमीटरचा येतो, उत्तर इथे तेच येते. मिलच्या (कोनाचे दुसरे माप) स्कोपवर हे आणखी सोपे आहे: दशांश मिलचा क्लिक १०० मीटरवर बरोबर १० मिलिमीटर. एखादी गोळी लांब गेली तर ती सहज ‘फ्लायर’ म्हणून वगळू नका. ट्रिगर ओढतानाच ती गेल्याचे तुम्ही पुकारले असेल तरच वगळा. कागद पाहून ठरवलेला फ्लायर हा सोयीचा फ्लायर असतो.

दुरुस्ती करून पुन्हा पाच गोळ्या मारून खात्री करा. त्या पाचांचा मध्य अर्ध्या क्लिकने इकडेतिकडे दिसला तर सोडून द्या, कारण त्या पाचांना त्याहून जास्त सांगण्याचा अधिकार नाही. मग टरेटच्या टोपीचे छोटे स्क्रू सैल करून शून्याची रेघ जुळवा. झिरो स्टॉप (टरेटला खाली जाताना अडवणारा थांबा) शून्यावर न लावता दोन-तीन क्लिक खाली लावा, दुसऱ्या लॉटची काडतुसे थोडी वर गेली तर खाली यायला जागा हवी. टोपी आवळताना टरेट एखादा क्लिक फिरतो आणि ते कळत नाही, म्हणून शेवटी एक-दोन गोळ्या पुन्हा.

तुम्ही पुढच्या वेळी मराठी नेमबाजांना भेटाल तेव्हा त्यांच्या आणि तुमच्या झिरोतला एक फरक कदाचित ऐकाल. महाराष्ट्रात रायफल नेमबाजी म्हणजे प्रामुख्याने १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर .२२. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, ते डायॉप्टर साइटवर (बारीक भोकातून नेम धरण्याचे साधन). त्या प्रकारांत स्कोपला परवानगी नाही. तिथे सामन्याआधी १५ मिनिटांच्या तयारीच्या वेळात सायटर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या) हवे तितके मारता येतात, म्हणजे झिरो रोज जागेवरच जुळवता येतो. एफ-क्लासमध्ये बहुधा दोनच सायटर मिळतात. तुम्हाला आकडा घरून घेऊन यावा लागतो, आणि म्हणून पुढची परीक्षा टाळता येत नाही.

ती परीक्षा टरेटची. ३० एमओए फिरवले तर स्कोप खरोखर ३० एमओए हलतो का? १०० यार्ड टेपने मोजून घ्या, रेंजच्या पाटीवर विसंबू नका. चार फूट उंच पुठ्ठा उभा करा, त्यावर ओळंब्याने एक उभी रेघ मारा, तळाशी नेमाचा बिंदू. शून्यावर पाच गोळ्या, ३० एमओए वर फिरवून त्याच बिंदूवर नेम धरून पाच, परत शून्यावर येऊन पाच. वरच्या ग्रुपचा मध्य ३१.४ इंच, म्हणजे ७९८ मिलिमीटर वर हवा. ७८२ आला तर स्कोप २ टक्के कमी हलतो, आणि १००० वर ३० ऐवजी ३०.६ लावावे लागतील. हा दोष नव्हे, हा त्या स्कोपचा स्वभाव. आकडा टरेटवर चिकटवून ठेवा. वरचा ग्रुप रेघेपासून १४ मिलिमीटर बाजूला गेला असेल तर फुली एक अंश कललेली आहे, पाणसळ पुन्हा जुळवा. खाली परतलेला ग्रुप पहिल्यावर येत नसेल आणि माउंट निर्दोष असेल, तर आणि तरच, स्कोप दुरुस्तीला पाठवा. त्याआधीही खात्रीचा दुसरा स्कोप बसवून तीच चाचणी घेतलेली बरी.

याच चाचणीत आणखी एक लबाडी उघडी पडते. काही टरेटवर ‘एमओए’ लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात क्लिक १०० यार्डांवर पाव इंचाचा असतो. खरा एमओए १.०४७ इंच. ३० वर जाईपर्यंत हा फरक १००० यार्डांवर १४ इंच होतो. गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये योग्य एकक निवडले की झाले.

आता तुमचे ६०० आणि १०००. १०० वर बरोबर, ६०० वर वीतभर खाली, १००० वर टार्गेटच्या तळाशी: हे वेगाचे लक्षण आहे. काडतुसाच्या डब्यावर छापलेला वेग बहुधा लांब चाचणी-नळीतून मोजलेला असतो. डब्यावर सेकंदाला २६०० फूट असेल आणि तुमच्या नळीतून २५०० निघत असेल, तर १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे माप) गोळी अ‍ॅपच्या अंदाजापेक्षा ६०० वर ८-९ इंच आणि १००० वर तीन फुटांच्या आसपास खाली जाते. १०० वर हा फरक दिसणारच नाही, कारण तिथला फरक झिरोने गिळलेला असतो. क्रोनोग्राफने निदान दहा गोळ्यांचा वेग मोजा आणि तोच अ‍ॅपमध्ये घाला. क्रोनोग्राफ नसेल तर ६०० वर दहा गोळ्यांचा उभा मध्य काढून तो जुळेपर्यंत अ‍ॅपमधला वेग बदला, बॅलिस्टिक कोएफिशंटला (गोळी हवा किती सहज कापते त्या आकड्याला) हात न लावता. कोएफिशंट बदलायचा तो ९००-१००० वर, वेग बरोबर असूनही फरक उरला तर. उलट क्रमाने केले तर एका अंतरावर जुळते आणि दुसऱ्यावर बिघडते. टरेटची २ टक्क्यांची चूकही आधी काढून टाकलेली हवी, नाहीतर तीही वेगाच्या नावावर जमा होते. वेगातल्या दर १० फुटांच्या फरकाला १००० यार्डांवर ३-४ इंच पडतात, म्हणून उभ्या विखुरलेल्या गोळ्यांचे कारण झिरोत शोधू नका, काडतुसांत शोधा.

१६८ ग्रेनची जुनी मॅच गोळी वापरत असाल तर एवढे कळून असू द्या: ती ६०० पर्यंत उत्तम, पण १००० वर पोचताना ध्वनीच्या वेगाजवळ येऊन डगमगते. तिथे कोणताही झिरो कामाचा नाही. १००० साठी १५५ ची पाल्मा गोळी किंवा १७५ घ्या.

डावीकडे जाणे हा वाराच असणार. ६०० यार्डांवर ताशी ३ मैलांचा आडवा वारा .३०८ ला सुमारे ९ इंच ढकलतो, पुन्हा वीतभर. शिवाय १०० वर झिरो करताना डावीकडून झुळूक असेल आणि ती तुम्ही टरेटमध्ये ‘दुरुस्त’ करून टाकली असेल, तर तेवढे डावे कायमचे शिल्लक राहते. शांत सकाळी आडवा झिरो पुन्हा तपासा. उलट १००० वर वारा नसताना गोळी उजवीकडे गेली तर दचकू नका. उजव्या पिळाच्या नळीतून फिरत जाणारी .३०८ ची गोळी तिथवर ८-१० इंच उजवीकडे वाहते, आणि इंग्लंडच्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचे आणखी ८-९ सेंटीमीटर त्यात पडतात. हे दोन्ही त्या अंतराच्या आडव्या आकड्यात लिहायचे. टरेटचा शून्य हलवून ते भरून काढले तर १०० वर गोळी एक एमओएहून जास्त डावीकडे जाईल आणि तुम्हाला पुन्हा स्कोपचा संशय येईल.

वहीत प्रत्येक अंतरापुढे चार गोष्टी असू द्या: शून्यापासून चढवलेले एमओए, तापमान, हवेचा दाब, काडतुसांचा लॉट. आडवा आकडा वेगळ्या रकान्यात, त्यापुढे वाऱ्याची दिशा आणि अंदाजे वेग. दोन सायटरनंतर क्लिक बदलायचे की नाही हा निर्णय या वहीवर घ्यायचा. पहिला सायटर अर्धा एमओए खाली असेल तर थांबा, दुसराही तिथेच गेला तरच क्लिक द्या.

१०० वरचा झिरो कधी तपासायचा? काडतुसांचा लॉट बदलला, रायफल विमानातून किंवा गाडीच्या डिकीतून लांब फिरून आली, स्कोप उतरवून चढवला, अ‍ॅक्शन बटमधून काढले, नळीवरचा ब्रेक काढला-घातला, किंवा स्क्रूवरची रेघ तुटलेली दिसली. पाच गोळ्या मारा. मध्य जुन्या शून्यापासून दोन क्लिकच्या आत असेल तर टरेट तसाच ठेवा आणि आकडा वहीत लिहा. अशा तीन-चार नोंदी एकाच बाजूला झुकल्या तर एक क्लिक द्या. बिझ्लीच्या शॉर्ट सायबेरियावर १०० आणि २०० यार्डांची सोय आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी तिथे अर्धा तास मिळाला तर १०० वरच थांबा, २०० वर जाऊन नवा आकडा मिळत नाही.